नवा प्रोसेसर, जुनी कामे: वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ हा एआरएम जातीचा प्रोसेसर आणला. जून २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉपही दुकानांत दिसू लागले. एक्स८६ आणि एआरएम या प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांच्या दोन वेगळ्या पद्धती. इंटेल-एएमडीचे एक्स८६ सोडून एआरएमकडे जावे का, आणि गेल्यावर काय अडते, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमचे लग्नपत्रिका, हँडबिले आणि दिवाळी अंकांच्या जुळणीचे काम असते. युनिकोडपूर्व काळातले मराठी सॉफ्टवेअर वापरतो, त्याला यूएसबी डोंगल (परवाना तपासणारी किल्ली) लागते. स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप घेतला तर चालेल का? दुकानदार म्हणतो, विंडोजच आहे, सगळे चालते.
– डीटीपी व्यावसायिक, कोल्हापूर

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि तुमचे काम नेमके उरलेल्या अर्ध्यात अडकते. एक्स८६ साठी लिहिलेला प्रोग्रॅम चालू असतानाच त्याच्या सूचनांचा एआरएमच्या सूचनांत अनुवाद करणारी यंत्रणा विंडोज ११ मध्ये आहे. २४एच२ आवृत्तीपासून तिचे नाव प्रिझम. ३२ बिटी आणि ६४ बिटी दोन्ही प्रोग्रॅम ती चालवते. पण हा अनुवाद एकेका प्रोसेसपुरता, म्हणजे एकेका चालू प्रोग्रॅमपुरता असतो. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसणाऱ्या ड्रायव्हरचा अनुवाद होत नाही आणि अस्सल एआरएम प्रोसेसमध्ये एक्स८६ ची डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमने वापरायची सूचनांची फाइल) शिरू शकत नाही. म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरचे भाग सुटे करून पाहायला हवेत.

पान जुळवणारा मुख्य प्रोग्रॅम बहुधा चालेल. फाँटची काळजी नको, टीटीएफ फाइलला प्रोसेसर कोणता याच्याशी देणेघेणे नसते.

डोंगलचे दोन प्रकार आहेत. माउस-कीबोर्डसारखे एचआयडी म्हणून ओळख देणारे डोंगल विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालते, त्यामुळे ते एआरएमवरही ओळखले जाते. स्वतःचा ड्रायव्हर मागणाऱ्या जुन्या डोंगलला मात्र एआरएम६४ चा ड्रायव्हर हवाच. तो कंपनीने दिला नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो आणि गोष्ट तिथेच संपते. कंपॅटिबिलिटी मोड किंवा ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने त्यात काहीही फरक पडत नाही.

सगळ्यात फसवा भाग टायपिंगचा. काही टायपिंग इंजिने दाबलेली कळ आपल्याच प्रोसेसमध्ये पकडतात, ती चालू शकतात. काही आपली डीएलएल समोरच्या प्रोग्रॅममध्ये घुसवतात. ही दुसरी जात असेल तर जुन्या जुळणीच्या प्रोग्रॅममध्ये मराठी उमटते, कारण तोही अनुवादित एक्स८६ आहे, पण नोटपॅडमध्ये उमटत नाही. ‘एका ठिकाणी चालते, दुसरीकडे नाही’ अशी तक्रार आली की कारण बहुतेक वेळा हेच असते. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘आर्किटेक्चर’ हा स्तंभ चालू करा, म्हणजे कोणता प्रोग्रॅम अस्सल एआरएम६४ आहे आणि कोणता अनुवादित, ते लगेच कळेल. विंडोजमधले मराठी इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक हे कीबोर्ड सर्वत्र नीट चालतात. कोणी तुम्हाला मायक्रोसॉफ्टच्या कीबोर्ड लेआउट क्रिएटरवर रेमिंग्टन पद्धतीचा लेआउट बनवून दिला असेल, तर त्या साधनाची १.४ आवृत्ती एआरएम६४ ची फाइल तयारच करत नाही, म्हणून तो लेआउट येथे चालणार नाही.

खरेदीआधी डोंगल आणि इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह घेऊन दुकानात जा आणि त्याच लॅपटॉपवर बसवून एक पान टाइप करून, पीडीएफ काढून पाहा. या अर्ध्या तासापुढे कोणाच्याही तोंडी आश्वासनाला किंमत देऊ नका.

आणि यंत्र बदला वा बदलू नका, जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायला आजच लागा. ते काम जुन्या, चालत्या संगणकावरच करा. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये क्रम उलटा. रूपांतर करणारे साधन चुकते ते येथेच. ‘निर्मिती’, ‘कार्यकर्त्यांनी’, ‘स्थिती’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कृत्रिम’ हे शब्द आधी तपासा. ‘ऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. संपूर्ण मजकुरात एकच पद्धत ठेवा.

प्रश्न : जीएसटी, टीडीएस आणि ई-निविदांचे काम करतो. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, दहा वर्षांचा लेझर प्रिंटर आणि एक्सेलचे काही ॲड-इन रोज लागतात. एआरएम लॅपटॉपवर यांपैकी काय अडेल?
– कर सल्लागार, नाशिक

उत्तर : टोकन यूएसबीत घातल्यावर बहुधा ओळखले जाईल, कारण स्मार्टकार्ड वाचण्यासाठी सीसीआयडी हे प्रमाण आहे आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आहे. अडते ते त्यावरच्या थरात. टोकनसोबत आलेली लायब्ररी एक्स६४ ची असते. सही करणारी उपयोजिता जावावर चालत असेल आणि तुम्ही किंवा इन्स्टॉलरने एआरएम६४ चे जावा बसवले असेल, तर ते जावा ही लायब्ररी उचलू शकत नाही. मग टोकन दिसते, पिनही बदलता येतो, पण सही करताना प्रमाणपत्रांची यादी रिकामी येते. अशा वेळी एआरएम६४ चे जावा काढा आणि मुद्दाम एक्स६४ चे बसवा. साखळीतल्या सगळ्या कड्या अनुवादित झाल्या की त्या एकमेकींना ओळखतात. ‘नवे तेच चांगले’ हा नियम इथे उलटा पडतो.

तरीही निविदेच्या शेवटच्या दिवशी नव्या यंत्रावर प्रयोग नको. जुना लॅपटॉप किमान एक पूर्ण विवरण-चक्र होईपर्यंत हाताशी ठेवा. जीएसटीत मालकी व्यवसायांना ओटीपीवरची पडताळणी चालते. कंपन्या आणि एलएलपींना स्वाक्षरी लागतेच, म्हणून त्या अशिलांचे काम शेवटी हलवा.

प्रिंटरच्या बाबतीत त्याचे वय महत्त्वाचे नाही, भाषा महत्त्वाची आहे. पीसीएल, पोस्टस्क्रिप्ट किंवा नेटवर्कवरचे आयपीपी समजणारा प्रिंटर विंडोजच्या सामान्य ड्रायव्हरवर चालतो, मात्र दोन्ही बाजूंनी छपाई, ट्रेची निवड अशा सोयी कमी होऊ शकतात. पण स्वस्त लेझर प्रिंटरपैकी बरेचसे ‘होस्ट-बेस्ड’ असतात. पानाचे चित्र संगणकातच तयार होऊन कंपनीच्या गुप्त स्वरूपात जाते. त्यांना एआरएम६४ ड्रायव्हर नसेल तर दुसऱ्या संगणकावर पीडीएफ नेऊन छापणे हाच मार्ग. माहितीपत्रकात ‘प्रिंटर लँग्वेज’ या ओळीसमोर काय लिहिले आहे ते पाहा.

एक्सेलची बातमी चांगली आहे. एआरएमवरचे ६४ बिटी ऑफिस ‘एआरएम६४ईसी’ या रचनेत बांधलेले आहे. एकाच प्रोसेसमध्ये एआरएम आणि एक्स६४ अशा दोन्हींचे कोड नांदू शकावेत यासाठीच ती रचना आहे. त्यामुळे ६४ बिटी ॲड-इन चालतात. ३२ बिटी चालत नाहीत, पण तुमचे आजचे ऑफिस ६४ बिटी असेल तर ते त्यातही चालत नसतील.

प्रश्न : आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. बोटांचे ठसे घेणारे यंत्र नव्या लॅपटॉपवर चालेल का?
– सेवा केंद्र चालक, लातूर

उत्तर : ठसे-यंत्राचा ड्रायव्हर आणि आधारसाठीची आरडी सर्व्हिस (ठसा आधारच्या पडताळणीसाठी देणारा प्रोग्रॅम), दोन्ही एआरएम६४ विंडोजवर चालतात असे यंत्राच्या कंपनीने लेखी सांगितले तरच घ्या. नाहीतर नको. केंद्राचे दिवसभराचे काम त्या एका यंत्रावर अवलंबून असते, आणि त्याच पैशांत चांगला एक्स८६ लॅपटॉप मिळतो.

प्रश्न : इंटेलचा आयमॅक आहे, ध्वनिमुद्रणासाठी वापरतो. नवा मॅक घेतला तर जुने प्लगइन (ध्वनीवर प्रक्रिया करणारे जोड-प्रोग्रॅम) रोझेटा या ॲपलच्या अनुवादकावर किती वर्षे चालतील?
– ध्वनिमुद्रक, पुणे

उत्तर : ॲपलचे हे पहिले स्थलांतर नाही. १९९४ मध्ये मोटोरोलाच्या ६८००० मालिकेतून पॉवरपीसी, २००६ मध्ये पॉवरपीसीतून इंटेल आणि २०२० मध्ये एआरएम. प्रत्येक वेळी अनुवादक दिला गेला आणि आधीच्या दोन्ही वेळी काही वर्षांनी काढून घेतला गेला. इंटेलच्या वेळचा रोझेटा २००६ मध्ये आला आणि २०११ च्या लायन आवृत्तीत गेला. आताच्या रोझेटा २ बद्दल ॲपलने जून २०२५ मध्ये सांगून टाकले आहे की तो मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण स्वरूपात राहील आणि त्यानंतर जुन्या खेळांपुरता उरेल. इंटेल मॅकसाठीही मॅकओएस २६ ही शेवटची आवृत्ती. रोझेटाकडे स्थलांतरासाठी मिळालेली मुदत म्हणून पाहा आणि त्यावर नवा स्टुडिओ उभारू नका.

रोझेटा २ वेगवान आहे, कारण बहुतेक अनुवाद तो प्रोग्रॅम बसवताना किंवा पहिल्यांदा उघडताना करून साठवून ठेवतो. म्हणून पहिली सुरुवात संथ वाटते, पुढच्या नाही. शिवाय ॲपलने आपल्या चिपमध्ये मेमरीच्या लिखाणाचा क्रम एक्स८६ सारखा पाळण्याची खास सोय ठेवली आहे. तेवढे काम सॉफ्टवेअरने करायचे म्हटले असते तर वेग फार खाली आला असता.

तुमच्या कामात लागणारी अडचण अशी: एका प्रोसेसमध्ये इंटेल आणि एआरएम कोड मिसळत नाही. मुख्य प्रोग्रॅम एआरएमचा झाला की इंटेलचे प्लगइन यादीतून गायब होतात. काही प्रोग्रॅम जुने प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवून पूल बांधतात, पण सगळे नाही. तात्पुरता उपाय म्हणजे फाइंडरमध्ये प्रोग्रॅमच्या ‘गेट इन्फो’त ‘ओपन युझिंग रोझेटा’वर खूण करणे. मग मुख्य प्रोग्रॅमही इंटेलचा होऊन चालतो आणि प्लगइन परत दिसतात. मात्र तेव्हा एआरएमसाठीच बनलेले प्लगइन दिसणार नाहीत.

क्रम असा ठेवा. आजच्या आयमॅकवर ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मधील ‘ॲप्लिकेशन्स’ची यादी उघडा. ‘काइंड’ स्तंभात ‘युनिव्हर्सल’ असेल ते निश्चिंत. ‘इंटेल’ असेल त्याची नवी आवृत्ती शोधा. प्लगइन या यादीत येत नाहीत, ते एकेक करून कंपनीच्या पानावर पाहावे लागतात. ज्यांची कंपनीच बंद झाली, ते प्लगइन ज्या ज्या ट्रॅकवर आहेत ते ट्रॅक आत्ताच ‘फ्रीझ’ किंवा ‘बाउन्स’ करून वेव्ह फाइल काढून ठेवा. प्रकल्पाची फाइल उघडेल, पण त्यातला रिव्हर्ब परत मिळणार नाही.

ऑडिओ इंटरफेससाठी वेगळी चौकशी करा. यूएसबी ऑडिओ क्लास पाळणारा इंटरफेस तसाच चालतो. कर्नल एक्स्टेन्शन मागणारा रोझेटावर चालत नाही, कारण रोझेटा कर्नलला हात लावत नाही. जुन्या मॅकवरचे सगळे नव्यावर आणणारा मायग्रेशन असिस्टंट असली जुनी एक्स्टेन्शनेही नव्या मॅकवर उचलून आणतो आणि मग विचित्र त्रुटी येतात. म्हणून प्रकल्प आणि नमुने तेवढे हलवा, प्रोग्रॅम नव्याने बसवा.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची १९९० च्या दशकातली खाती डॉसवरच्या फॉक्सप्रो प्रोग्रॅममध्ये आहेत, नावे मराठीत. जुना संगणक आता बंद पडतो आहे. एआरएम संगणकावर व्हर्च्युअल मशीन करून विंडोज एक्सपी बसवता येईल का?
– लेखापाल, सांगली

उत्तर : व्हर्च्युअल मशीन प्रोसेसर वाटून देते, बदलून देत नाही. एआरएमवर एआरएमचीच पाहुणी प्रणाली वेगाने चालते. एक्सपीसाठी अख्ख्या संगणकाची नक्कल करावी लागते. क्वेमू या नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने ते जमते, पण इतके सावकाश की रोजचे काम होणार नाही.

तुम्हाला एक्सपीची गरजही नाही. १६ बिटी डॉस प्रोग्रॅम ६४ बिटी विंडोजवर कुठेच थेट चालत नाहीत, इंटेलवरही नाही. डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स-एक्स बसवा, त्यात छपाईचीही सोय आहे. एका वेळी एकाच संगणकावरून उघडा. दोघांनी एकदम नोंदी केल्या तर इंडेक्स बिघडण्याचा धोका आहे.

मराठी नावे कशी साठवली आहेत हे पाहिले पाहिजे. त्या काळी पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेले जिस्ट कार्ड संगणकात बसवले जाई आणि अक्षरे इस्की संकेतात साठत. ते कार्ड डॉसबॉक्समध्ये नाही, म्हणून नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हे दिसतील. घाबरू नका, मजकूर शाबूत असतो. इस्की हे आयएस १३१९४ : १९९१ असे भारतीय मानक आहे आणि विंडोजमध्ये देवनागरी इस्कीसाठी ५७००२ क्रमांकाचे कोडपेज (संकेतांचा तक्ता) आहे. एखाद्या प्रोग्रॅमरकडून फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलींमधली नावांची क्षेत्रे या कोडपेजने युनिकोडमध्ये आणून घ्या. रकमेच्या क्षेत्रांना हात लावू देऊ नका, आणि रूपांतरानंतर प्रत्येक खातेवहीची एकूण बेरीज जुन्या छापील ताळेबंदाशी जुळवा. जुना संगणक चालू आहे तोवर त्याच्या डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवा, हे काम उद्यावर ढकलू नका.

प्रश्न : माझा सी प्लस प्लसमधला प्रकल्प इंटेलवर वर्षभर नीट चालला. रास्पबेरी पाय ५ वर कंपाइल होतो, पण कधी अडकतो, कधी उत्तर चुकते. कंपायलर एकही चूक दाखवत नाही.
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चूक आधीपासून कोडमध्येच होती आणि एक्स८६ ती झाकत होता, असे गृहीत धरून सुरुवात करा.

‘कधी कधी’ अडकणे हे दोन थ्रेडमधल्या (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यांमधल्या) झटापटीचे लक्षण आहे. एक थ्रेड आधी माहिती लिहितो आणि मग ‘तयार’ असा झेंडा वर करतो. एक्स८६ वर ही दोन लिखाणे दुसऱ्या थ्रेडला त्याच क्रमाने दिसतात. एआरएमवर ती उलट क्रमाने दिसू शकतात, म्हणजे झेंडा वर आणि माहिती अजून जुनीच. झेंड्याला साधा ‘बूल’ ठेवू नका. ‘स्टँडर्ड ॲटॉमिक’ करा, लिहिताना ‘रिलीज’ आणि वाचताना ‘अक्वायर’. ‘व्होलाटाइल’ लावल्याने हे दुरुस्त होत नाही. ते होते, हा गैरसमज अनेक वर्गांत शिकवला जातो. थ्रेडमधल्या अशा चुका शोधणारा थ्रेड सॅनिटायझर लावून इंटेलवरच प्रोग्रॅम चालवा. चूक तिथे दिसत नसली तरी सॅनिटायझर ती पकडू शकतो.

कायमच अडकत असेल तर ‘कॅर’ प्रकार पाहा. लिनक्सवर एक्स८६ मध्ये तो चिन्हयुक्त असतो, एआरएममध्ये चिन्हरहित. फाइलमधून वाचलेले अक्षर ‘कॅर’मध्ये ठेवून उणे एकशी तुलना केली असेल तर एआरएमवर ती अट कधीच खरी होत नाही आणि लूप संपत नाही. तिथे ‘इंट’ वापरा.

चुकीच्या उत्तरांची कारणे पुष्कळ. पूर्णांकाला शून्याने भागले तर एक्स८६ प्रोग्रॅम पाडतो, एआरएम मुकाट्याने शून्य देतो. त्यामुळे इंटेलवर लगेच कळणारी चूक इथे पुढच्या हिशेबात मुरते. ३०० कोटींसारखी मोठी दशांश संख्या ३२ बिटी पूर्णांकात घातली तर एक्स८६ वर बहुधा उणे २१४७४८३६४८ मिळते आणि एआरएमवर अधिक २१४७४८३६४७. भाषेच्या नियमाप्रमाणे दोन्ही ‘अनिश्चित’, म्हणून रूपांतराआधी मर्यादा तपासणे तुमचे काम. शेवटच्या एखाद्या अंकाचा फरक असेल तर गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत करण्याच्या सोयीचा संशय घ्या. ती एआरएम६४ वर नेहमी असते, साध्या एक्स८६-६४ बांधणीत नसते. जीसीसी कंपायलरचा ‘एफपी-कॉन्ट्रॅक्ट’ हा पर्याय ‘ऑफ’ करून पाहा. आणि ‘लाँग डबल’ असेल तर तो एक्स८६ लिनक्सवर ८० बिटी, एआरएम६४ लिनक्सवर १२८ बिटी आणि तोही सॉफ्टवेअरने चालवलेला, म्हणून उत्तर वेगळे आणि वेग फारच कमी.

पाय ५ ची आणखी एक खोड: तिचा मूळ कर्नल ४ ऐवजी १६ किलोबाइटची मेमरी-पाने वापरतो. कोडमध्ये ४०९६ हा आकडा कुठे गृहीत धरला असेल तर तो काढून प्रणालीला विचारा.

प्रश्न : विंडोज लॅपटॉपची पूर्ण बॅकअप इमेज काढलेली आहे. ती एआरएम लॅपटॉपवर उतरवता येईल का? जुने फोटो आणि फाइली उघडतील ना?
– निवृत्त शिक्षक, ठाणे

उत्तर : इमेज उतरवू नका, त्यातले विंडोज एक्स८६ चे आहे, ते सुरूच होणार नाही. विंडोजचा जुना बूट पेनड्राइव्हही चालणार नाही, एआरएमसाठीचा वेगळा करून ठेवा. फोटो, एक्सेल, पीडीएफ मात्र जशाच्या तशा उघडतील.

प्रश्न : शाळेच्या संगणक कक्षासाठी रिस्क-फाइव्हचे (एक्स८६, एआरएमसारखीच, पण खुली असलेली तिसरी पद्धत) डेस्कटॉप घ्यावेत असा प्रस्ताव आहे. भारतातही त्यावर काम चालते असे ऐकतो. घ्यावेत का?
– मुख्याध्यापक, रत्नागिरी

उत्तर : कक्षासाठी आत्ता नको, प्रयोगासाठी एखादा बोर्ड जरूर घ्या.

भारतात आयआयटी मद्रासचे शक्ती आणि सी-डॅकचे वेगा हे रिस्क-फाइव्ह प्रोसेसर आहेत आणि एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी डीआयआर-व्ही कार्यक्रम जाहीर केला. हे काम मोलाचे आहे. पण ‘वेगा’ प्रोसेसरचे मिळणारे बोर्ड नियंत्रणाच्या कामांसाठी आहेत, ब्राउझरच्या वीस टॅब उघडण्यासाठी नाहीत.

लिनक्सची बाजू आता बरी आहे. ऑगस्ट २०२५ मधल्या डेबियन १३ या लिनक्स प्रणालीत रिस्क-फाइव्हला अधिकृत स्थान मिळाले. उगमसंकेत खुला असलेले सॉफ्टवेअर त्यावर पुन्हा बांधता येते, मराठी इनस्क्रिप्टसह. फक्त बायनरी स्वरूपात मिळणारे सॉफ्टवेअर मात्र कंपनी देईल तेव्हाच. एक्स८६ मध्ये कोणत्याही संगणकावर एकच बूट पेनड्राइव्ह चालतो, इथे बहुतेक बोर्डांना स्वतःची वेगळी इमेज लागते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपुरा असेल तर व्हिडिओ अडखळतो.

आज घेतलेला बोर्ड लवकर मागे पडण्याचा धोकाही आहे. आरव्हीए२३ हे रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठीचे प्रमाण ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झाले. त्यात एकाच सूचनेत अनेक आकडे हाताळणारा व्हेक्टर विस्तार सक्तीचा आहे, आणि लिनक्सच्या उबुंटू २५.१० ने तेच किमान प्रमाण धरले. व्हिजनफाइव्ह २ सारख्या बोर्डातील चार यू७४ गाभ्यांमध्ये तो विस्तार नाही, त्यामुळे असे बोर्ड उबुंटूच्या २४.०४ या दीर्घकालीन आवृत्तीवरच राहतात. प्रस्ताव आणणाऱ्याला दोन गोष्टी लेखी विचारा: प्रोसेसर आरव्हीए२३ पूर्ण करतो का, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलमध्ये आहे की फक्त कंपनीच्या इमेजमध्ये. दुसऱ्याचे उत्तर ‘कंपनीच्या इमेजमध्ये’ असे असेल, तर कंपनीने इमेज देणे थांबवले की कक्षातले संगणकही त्याच आवृत्तीवर थांबतील.